अनेक आवृत्त्या, एक व्यवस्था : प्रस्तावना

जिच्यातील सारे संगणक एकाच दिवशी, एकाच जातीचे आणि एकाच आवृत्तीची ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन दाखल झाले आहेत अशी कचेरी पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते. प्रत्यक्षात ती क्वचितच दृष्टीस पडते. प्रत्यक्षात खरेदी अंदाजपत्रकाच्या सोयीने, खेपाखेपांनी होते. एखादे जुने यंत्र, त्याला जोडलेल्या मोजमापाच्या उपकरणाचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर चालत नाही एवढ्याच कारणाने जागेवर राहते. दुसरे एखादे, हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर त्याच्यावाचून उघडत नाही म्हणून राहते. आणि अशा रीतीने एकाच सर्व्हरच्या अंमलाखाली तीन-तीन, चार-चार पिढ्यांची यंत्रे नांदू लागतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आणला. तथापि अशा तारखा उलटून गेल्यावरही त्या त्या आवृत्तीची यंत्रे मेजांवर कायम राहतात, हे ज्याच्यावर जाळ्याची जबाबदारी आहे असा प्रत्येक जण जाणतो.

अशा मिश्र जाळ्यावर काम करणारी व्यक्ती कोणत्याही यंत्रापुढे बसली तरी तिला आपले काम विनासायास आरंभता यावे, यासाठी डेस्कटॉपच्या सेटिंग्जची व्यवस्था कशी लावावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय. वरकरणी तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कारण डेस्कटॉपचे सेटिंग म्हटले की सामान्यतः पडद्यावरचे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु टंकलेखनासाठी कोणता कीबोर्ड उपलब्ध असावा, छापील प्रत कोणत्या प्रिंटरवर निघावी, लिहिलेला मजकूर यंत्रात साठावा की सर्व्हरवर, माणूस जागेवरून उठल्यानंतर किती मिनिटांनी पडद्यास कुलूप लागावे, ब्राउझरने कोणत्या प्रॉक्सीमार्गे बाहेर जावे, या सर्व गोष्टी त्याच सदरात मोडतात. आणि यांपैकी एकही बिघडली तर दिवसाचे काम तहकूब होते अथवा कचेरीची गुपिते उघडी पडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचे गांभीर्य निराळे सांगावे लागत नाही.

सेटिंग म्हणजे वस्तुतः काय, याचा प्रथम विचार केला पाहिजे. कोठेतरी लिहून ठेवलेले एक नाव आणि त्याच्यापुढे मांडलेले एक मूल्य, एवढेच त्याचे स्वरूप असते; त्याला स्वतःचे असे सामर्थ्य काहीच नसते आणि जो प्रोग्राम ते वाचतो तोच त्याला अर्थ देतो. यास्तव वाचणाऱ्याची आवृत्ती बदलली की लिहिलेल्या हुकमाच्या चार गती संभवतात. वाचणारा तो हुकूम जाणतो आणि पाळतो, ही पहिली. तो त्याला ठाऊकच नसल्यामुळे मुकाट्याने ओलांडून पुढे जातो, ही दुसरी. तो जाणतो, परंतु मधल्या काळात त्याचा अर्थ पालटलेला असल्याने भलतेच करतो, ही तिसरी. आणि मूल्याचा प्रकार आपल्या अपेक्षेशी जुळत नाही असे पाहून तो मूळच्या ठरीव मूल्याकडे परत जातो, ही चौथी. यांपैकी दुसरी गती सर्वांत घातक होय. कारण तिच्यात ना कोणी तक्रार करीत, ना पडद्यावर सूचना उमटत, आणि व्यवस्थापक मात्र हुकूम बजावला गेला या समजुतीत निश्चिंत असतो. म्हणूनच, सर्व यंत्रांना हुकूम एकच असावा हा आग्रह सोडून सर्व यंत्रांवर परिणाम एकच दिसावा हा आग्रह धरला पाहिजे, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे. आणि एक परिणाम साधण्यासाठी प्रसंगी तीन पिढ्यांना तीन निरनिराळे हुकूम द्यावे लागतात, हा त्याचा अपरिहार्य उपसिद्धांत आहे.

हा प्रश्न काल-परवा उद्भवलेला नाही. १९८३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या साहाय्याने 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला, तेव्हा विद्यार्थ्याने संस्थेच्या आवारातील कोणत्याही वर्कस्टेशनपुढे बसावे आणि त्याला आपल्याच फाइली, आपलाच डेस्कटॉप मिळावा, हे ध्येय त्याच्या प्रवर्तकांनी समोर ठेवले होते; आणि दोन कंपन्यांची भिन्न यंत्रे एका जाळ्यात असल्यामुळे यंत्रांच्या भिन्नतेतून अनुभवाची एकरूपता निर्माण करण्याचे कार्य त्यांना आरंभापासूनच अंगावर घ्यावे लागले. केर्बेरॉस ही ओळख पटविण्याची पद्धती आणि एक्स विंडो सिस्टिम ही चित्रमय पडद्याची प्रणाली या दोन्ही त्याच उद्योगातून जगास लाभल्या. एखाद्याची सेटिंग्ज यंत्रात न ठेवता त्याच्या सर्व्हरवरील होम डिरेक्टरीत ठेवावीत, ही युनिक्सच्या जगातील परिपाठाची वाटही त्या काळात प्रशस्त झाली.

कचेऱ्यांतील सामान्य संगणकांच्या जगात हा प्रश्न विंडोज ९५ आणि १९९६ साली आलेल्या विंडोज एनटी ४.० यांच्याबरोबर शिरला. सर्व्हरच्या 'नेटलॉगॉन' या फोल्डरमध्ये धोरणांची एक फाइल ठेवायची आणि लॉगिन करताना प्रत्येक यंत्राने ती वाचून अमलात आणायची, अशी तेव्हाची योजना होती. परंतु दोन्ही प्रणालींच्या रजिस्ट्रीची घडण भिन्न असल्यामुळे एकीची फाइल दुसरीला उपयोगी पडत नसे, आणि व्यवस्थापकाला एकीसाठी 'कॉन्फिग.पॉल' व दुसरीसाठी 'एनटीकॉन्फिग.पॉल' अशा दोन सनदा, त्या त्या प्रणालीच्या यंत्रावर बसून, तयार कराव्या लागत. याहून मोठा दोष असा की ही धोरणे रजिस्ट्रीत एकदा लिहिली गेली की हुकूम मागे घेतल्यावरही तेथेच राहत. त्या काळच्या व्यवस्थापकांनी या प्रकाराला 'टॅटू' असे अन्वर्थक नाव दिले होते. काढून घेता न येणारा हुकूम देणे म्हणजे पुढील व्यवस्थापकाच्या डोक्यावर अनामिक कर्ज ठेवणे होय, हा धडा त्या काळाने शिकविला.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाहेर आले आणि त्याच्याबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी व ग्रुप पॉलिसी यांचा उदय झाला. आधी यंत्राची स्थानिक धोरणे, नंतर साइटची, नंतर डोमेनची आणि अखेरीस ऑर्गनायझेशनल युनिटची, असा क्रम ठरून, मागून येणाऱ्याने आधीच्यावर मात करावी हा नियम रूढ झाला. यंत्र सुरू होताना यंत्राचा भाग आणि लॉगिन होताना व्यक्तीचा भाग लागू व्हावा, तसेच त्यानंतरही दर ९० मिनिटांनी, त्यांत शून्य ते ३० मिनिटांची यदृच्छया भर घालून, धोरणांची फेरतपासणी व्हावी, अशी तरतूद झाली. रजिस्ट्रीत धोरणांसाठी काही जागा राखून ठेवण्यात आल्या. तेथे सामान्य वापरकर्त्यास लिहिण्याची मुभा नसते आणि हुकूम मागे घेतला की तेथील नोंदही पुसली जाते. 'टॅटू'च्या दोषावर हा खरा इलाज होता. जे सेटिंग या राखीव जागांबाहेर लिहिले जाते, त्याच्या माघारीची तजवीज व्यवस्थापकाने स्वतःच करावी, हे तारतम्य मात्र आजही सुटता कामा नये.

परंतु आवृत्त्यांचा प्रश्न त्यानेही मिटला नाही. तो फक्त सूक्ष्म झाला. कोणकोणती सेटिंग्ज उपलब्ध आहेत हे व्यवस्थापकाला दाखविणारे साचे त्या वेळी 'एडीएम' नावाच्या फाइलींत असत आणि त्यांची एक एक प्रत प्रत्येक धोरणाबरोबर सर्व्हरवर जाऊन बसे. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्या यंत्रावर बसून एखादे धोरण नुसते उघडले तरी नवे साचे सर्व्हरवर चढत, आणि मग तेच धोरण जुन्या यंत्रावरून उघडू पाहणाऱ्यास, मजकुराची एक नोंद मर्यादेहून लांब आहे अशा अर्थाच्या त्रुटीच्या सूचना एकामागून एक दिसू लागत. व्हिस्टाबरोबर 'एडीएमएक्स' हे नवे साचे आले. त्यांत सेटिंगची व्याख्या एका फाइलीत आणि तिचे भाषिक वर्णन दुसरीत, अशी विभागणी झाली आणि सर्व साचे एका मध्यवर्ती भांडारात ठेवण्याची सोय झाली. तथापि एक्सपीवरील संपादकाला हे साचे वाचता येत नसत. यावरून, मिश्र जाळ्यातील धोरणे नेहमी सर्वांत नव्या यंत्रावरूनच लिहावीत आणि तपासावीत मात्र सर्वांत जुन्या यंत्रावर, हा नियम निष्पन्न झाला. त्याचा पुनरुच्चार पुढील पानांत वाचकास वारंवार आढळेल.

एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्या काळात 'डब्ल्यूएमआय फिल्टर' हे साधन उपलब्ध झाले. एखादे धोरण अमुक आवृत्तीच्या यंत्रालाच लागू व्हावे, अशी अट त्यामुळे घालता येऊ लागली. मात्र विंडोज २००० ला हे फिल्टर समजत नसल्यामुळे ते अट बाजूस ठेवून धोरण सरसकट लागू करी. म्हणजे अपवाद म्हणून ज्यांना वगळायचे तेच नेमके हुकमाखाली सापडत. पुढे विंडोज ७ चा आवृत्तिक्रमांक ६.१ आणि विंडोज १० चा १०.० झाला, तेव्हा '६.१ किंवा त्याहून पुढची' अशी अट लिहिणाऱ्या अनेकांची नवी यंत्रे धोरणाबाहेर राहिली. कारण हा क्रमांक तेथे संख्या म्हणून न राहता अक्षरमाला म्हणून ताडला जातो आणि त्या ताळ्यात १ हे अक्षर ६ च्या आधी येते. विंडोज ११ देखील आपला क्रमांक १०.० असाच सांगते, आणि २२००० पासून पुढचे बिल्ड पाहूनच त्याची ओळख पटते. अशा बारकाव्यांना कंटाळून चालत नाही. मिश्र जाळ्याची सारी शिस्त यांच्यावरच उभी आहे.

कधी कधी हुकूम तोच, जाळे तेच, आणि तरीही त्याच्या अंमलाची वेळ निराळी, असाही प्रकार घडतो. विंडोज २००० लॉगिनच्या वेळी जाळ्याची आणि धोरणांची वाट पाहत असे. एक्सपीने, माणसाचा वेळ वाचावा या हेतूने, वाट न पाहता डेस्कटॉप दाखविण्यास प्रारंभ केला, आणि परिणामी फोल्डर रीडायरेक्शनसारखी काही धोरणे पहिल्या लॉगिनला लागू न होता दुसऱ्या-तिसऱ्या लॉगिनला लागू होऊ लागली. कधी हुकूम पाळणारेच नाहीसे होतात. ब्राउझरची सेटिंग्ज ठरविण्यासाठी ग्रुप पॉलिसीत 'इंटरनेट एक्सप्लोरर मेंटेनन्स' हे जे स्वतंत्र दालन होते ते इंटरनेट एक्सप्लोरर १० बरोबर बंद झाले. जुन्या यंत्रांवर त्याचा अंमल चालू राहिला आणि नव्या यंत्रांवर तेच धोरण निर्जीव झाले.

येथे सक्ती आणि सूचना यांतील भेदाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. सर्व्हर २००८ बरोबर 'ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस' आले. त्यांच्याद्वारे व्यवस्थापक एखादे सेटिंग आरंभी लावून देतो, परंतु वापरणाऱ्यास ते पुढे बदलण्याचे स्वातंत्र्य राहते. एक्सपी व व्हिस्टा यांवर त्यासाठी स्वतंत्र जोड-सॉफ्टवेअर बसवावे लागे आणि ते नसल्यास सूचना मुकाट्याने वाया जाई. या साधनात पासवर्ड साठविण्याचीही सोय होती. परंतु ज्या किल्लीने तो गुप्त केला जाई ती खुद्द कंपनीच्या जाहीर दस्तऐवजांत प्रसिद्ध झालेली असल्यामुळे मे २०१४ मध्ये ती सोय काढून घ्यावी लागली, आणि पूर्वी साठविलेले पासवर्ड मात्र ज्याने त्याने शोधून पुसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. असे असले तरी सक्ती आणि सूचना यांचा विवेक हा मला या साऱ्या शास्त्राचा नैतिक गाभा वाटतो. पडद्यास कुलूप लागणे ही सुरक्षेची बाब असल्याने तेथे सक्तीच हवी. अक्षरांचा आकार, पडद्याचा रंग, चिन्हांची मांडणी ही जो माणूस आठ-आठ तास त्या पडद्यापुढे बसतो त्याच्या डोळ्यांची आणि सवयीची बाब असल्याने तेथे सूचनाच पुरेशी होय. व्यवस्थापकाच्या हाती दुसऱ्याच्या मेजावर अंमल गाजविण्याचा जो अधिकार आलेला आहे, तो त्याने गरजेपुरताच वापरावा.

व्यक्तीबरोबर तिची सेटिंग्जही फिरावीत, यासाठी 'रोमिंग प्रोफाइल' ही योजना आहे. आवृत्त्यांचे वैर तेथे सर्वांत उघड दिसते. एक्सपीपर्यंतच्या प्रोफाइलच्या फोल्डरच्या नावापुढे काही खूण नसे. व्हिस्टा आणि विंडोज ७ यांनी त्यापुढे 'व्ही२' अशी खूण लावली. आणि पुढील आवृत्त्यांनी अंक वाढवीत नेला, तो विंडोज १० च्या आरंभी ५ आणि त्याच्या १६०७ या आवृत्तीपासून ६ झाला. म्हणजे दोन पिढ्यांच्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाची सर्व्हरवर दोन स्वतंत्र प्रोफाइले तयार होतात, आणि सकाळी एकावर केलेला बदल दुपारी दुसऱ्यावर दिसत नाही. हा दोष मानणे चूक ठरेल. नव्या रचनेचे मूल्य जुन्या यंत्राने वाचून भलतेच करण्यापेक्षा दोहोंनी वेगळे राहणे हितावह आहे. यावर तोडगा असा की, जे खरोखर माणसाचे आहे, म्हणजे त्याचे दस्तऐवज आणि डेस्कटॉपवरील फाइली, ते फोल्डर रीडायरेक्शनने सर्व्हरवरील एकाच ठिकाणी न्यावे, आणि जे आवृत्तीशी बांधलेले आहे ते त्या त्या आवृत्तीच्या प्रोफाइलात राहू द्यावे.

लिनक्सच्या जगातही तत्त्व हेच आहे. २००२ सालच्या ग्नोम २.० मध्ये 'जीकॉन्फ' या भांडारात सक्तीची, व्यक्तीची आणि ठरीव अशी मूल्यांची तीन स्थाने होती. २०११ सालच्या ग्नोम ३ पासून 'डीकॉन्फ' त्याच्या जागी आले आणि सक्तीसाठी कुलपांची स्वतंत्र फाइल ठेवण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक सेटिंगचा प्रकार एका स्कीमात नोंदलेला असतो, आणि साठविलेले मूल्य त्या प्रकारात बसत नसेल तर ठरीव मूल्य स्वीकारले जाते. वर सांगितलेली चौथी गती ती हीच. होम डिरेक्टरी एनएफएसवर असेल आणि ती दोन भिन्न आवृत्त्यांची यंत्रे आळीपाळीने वापरीत असतील, तर हा भेद ठायी ठायी जाणवतो. फायरफॉक्सने २०१९ साली आपल्या ६७ व्या आवृत्तीपासून, नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडू नये, असा प्रतिबंधच घातला. वापरणाऱ्यास क्षणभर तो अडथळा वाटतो. परंतु मूकपणे बिघडण्यापेक्षा उघडपणे थांबणे श्रेयस्कर, हा त्यामागील विचार अनुकरणीय आहे.

मराठी वाचकांस या विषयाची निकड सर्वाधिक ज्या ठिकाणी जाणवेल ते म्हणजे देवनागरीचे लेखन. मराठी कीबोर्ड प्रत्येकाच्या लॉगिनबरोबर उपलब्ध व्हावा, ही मागणी साधी आहे आणि तिचा हुकूमही साधा आहे. रजिस्ट्रीतील कीबोर्डांच्या यादीत ०००००४४ई हा मराठीचा संकेतांक घातला की काम झाले, असे वाटते. परंतु विंडोज २००० आणि एक्सपी यांच्या इंग्रजी आवृत्त्यांत भारतीय लिपींसाठी लागणाऱ्या फाइली स्वतंत्रपणे बसवाव्या लागत, आणि त्या नसलेल्या यंत्रावर देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. व्हिस्टापासून ही सोय मुळातच अंतर्भूत झाली. यास्तव मिश्र जाळ्यावर आधी यंत्राच्या भागात लिपीची क्षमता रुजू करावी आणि त्यानंतरच व्यक्तीच्या भागात कीबोर्डाची निवड द्यावी लागे. आधी यंत्राची क्षमता, मग माणसाची निवड, हा क्रम या एका उदाहरणापुरता मर्यादित नाही; जवळजवळ प्रत्येक सेटिंगला तो लागू पडतो.

या साऱ्या विवेचनातून जी कार्यपद्धती निष्पन्न होते ती संक्षेपाने अशी. प्रत्येक हुकमापाशी त्याचा हेतू, तो कोणत्या आवृत्त्यांसाठी आहे, कोणी आणि केव्हा दिला, आणि तो कधी व कसा मागे घ्यावयाचा, याची लेखी नोंद असावी. नावावरून उद्देश कळणार नाही असे एकही धोरण डोमेनात नसावे. नवा हुकूम आधी प्रत्येक पिढीच्या एका एका यंत्रावर चालवून पाहावा. आणि तो बजावला गेला की नाही हे संपादकाच्या पडद्यावर न पाहता प्रत्यक्ष यंत्रावर 'जीपीरिझल्ट'सारख्या साधनाने, म्हणजे परिणामावरून, पडताळावे. तात्पुरत्या गरजेसाठी दिलेला आणि नंतर विस्मृतीत गेलेला हुकूम हे जुन्या जाळ्यांतील बहुतेक गोंधळांचे मूळ असते. दोन पिढ्यांच्या कारकुनांनी सांभाळलेल्या दफ्तरात रद्द न केलेली जुनी परिपत्रके जशी नव्यांबरोबर गुंतून पडतात, तशीच ही धोरणेही गुंतून पडतात.

पुस्तकाच्या पहिल्या भागात सेटिंगचे स्वरूप आणि त्याच्या साठवणीची ठिकाणे, दुसऱ्यात ग्रुप पॉलिसीचा क्रम व तिची साधने, तिसऱ्यात प्रोफाइले आणि फोल्डर रीडायरेक्शन, चौथ्यात लिनक्सवरील व्यवस्था, आणि पाचव्यात आवृत्तिबदलाच्या संक्रमणकाळाचे नियोजन, अशी मांडणी केलेली आहे. ज्याला जाळ्याची प्राथमिक ओळख आहे आणि ज्याने एकदा तरी दुसऱ्याच्या यंत्राची दुरुस्ती केली आहे, अशा वाचकास ती सुगम वाटेल. पारिभाषिक शब्दांबाबत, कचेरीत जे शब्द रूढ आहेत तेच वापरण्याचे धोरण ठेवले आहे; डोमेन, लॉगिन, प्रोफाइल या शब्दांना पर्याय घडवून वाचकाच्या वाटेत नवी अडचण उभी करावी असे वाटले नाही. ज्या सहकाऱ्यांनी हस्तलिखित वाचून आपल्या अनुभवाच्या कसोटीवर ते घासून पाहिले, त्यांचे ऋण मनःपूर्वक मान्य करतो.

वाचकांस एकच विनंती आहे. पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी आपल्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राची आवृत्ती, त्यावर चालणारी आवश्यक सॉफ्टवेअर आणि ते यंत्र कोण, कशासाठी वापरतो, यांची एक यादी तयार करावी आणि ती समोर ठेवूनच हे पुस्तक वाचावे. ही यादी ज्याच्यापाशी आहे त्याला यातील प्रत्येक प्रकरण कामी येईल. आणि जो ती दर तिमाहीस अद्ययावत ठेवील, त्याच्या जाळ्यावर काम करणाऱ्या माणसांना आवृत्त्यांच्या भेदाची झळ फारशी लागणार नाही.